आवाज येत नाही, असं लिहिणारा माणूस

शेंदूरजनाघाटच्या लाइट ऑफिसात 'लाइट बंद करा' अशी तक्रार घेऊन आलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. ती भारनियमनाची वर्षं होती. दिवसातला निम्मा वेळ वीज नसे, बोअर दर उन्हाळ्यात आणखी खोल जात, संत्र्याच्या बागा तहानलेल्या, आणि आमच्या ऑफिसात येणारा प्रत्येक जण दारातूनच शिव्या देत आत येई. मी तिथं बिलांचा बाबू होतो. विजेशी माझा संबंध कागदापुरता, पण शिव्या खायला तेवढा संबंध पुरतो. अशा गर्दीत एके दिवशी पांढऱ्या दाढीचा, कडक इस्त्रीच्या सदऱ्यातला, दोन्ही मनगटांवर घड्याळं बांधलेला एक गृहस्थ माझ्या टेबलाशी आला आणि म्हणाला, "बाबू, आमच्या गल्लीतली लाइन संध्याकायी अर्धा घंटा बंद करून देत जा. तुमचा डीपी लय करकर करून राहिला."

डीपी म्हणजे गल्लीला वीज पुरवणारा ट्रान्सफॉर्मर. मला वाटलं, हा थट्टा करतोय. मी विचारलं, "ठिणग्या उडतात का डीपीतून?"

"ठिणग्या नाई उडत. रेडिओत करकर होते."

रांगेतला एक जण मागून ओरडला, "आमची झाडं वायून राहिली लाइन नाई म्हून, अन् याले रेडिओ ऐकाचा हाय!" त्यावर गृहस्थांनी मागं वळून अगदी समजुतीनं सांगितलं, "तुहं बरोबर हाय गा. पन माही बी तक्रारच हाय ना."

हे रऊफभाई. संत्र्याचे व्यापारी. वायरमन मोकळा होईपर्यंत ते बाकावर बसून राहिले, आणि डोकं उठवणाऱ्या त्या दिवसात जरा गंमत म्हणून मीही त्या दोघांबरोबर गेलो. रऊफभाई हातातला छोटा ट्रान्झिस्टर कानाशी धरून पुढं, आम्ही मागं. करकर कुठं वाढते, कुठं कमी होते, ते पाहत त्यांनी आख्खी गल्ली पालथी घातली. डीपीखाली उभे राहिले तर करकर कमी झाली. मशिदीकडं गेलो तर आणखी कमी. परत फिरलो तशी वाढायला लागली आणि रऊफभाईंच्या स्वतःच्या दारात तिनं कहर केला. आत फ्रिजचा स्टॅबिलायझर होता. तोवर गल्लीतली माणसं गोळा झाली होती. दुसऱ्या कुणी वायरमनवर काहीतरी ढकलून वेळ मारून नेली असती. रऊफभाईंनी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "लिहून घ्या बाबू, डीपी बेकसूर हाय. चोर माह्याच घरात हाय." आतून त्यांच्या पत्नी झुबेदाभाभी म्हणाल्या, "फ्रिज बंद नही होगा, पहले ही बोल देती हूँ." शेवटी रोज संध्याकाळी अर्धा तास फ्रिज बंद, असा तह झाला. त्या तहाबद्दल भाभी पुढं अनेक वर्षं दह्याच्या नावानं तक्रार करत होत्या.

हा माणूस 'ठीक आहे' म्हणू शकत नसे. कशालाच. शॉर्टवेव्ह ऐकणाऱ्यांची एक रीत असते. स्टेशन किती जोरात येतं, शेजारचं स्टेशन किती त्रास देतं, खरखर किती, आवाज किती खालीवर होतो आणि एकूण कसं, असे पाच आकडे एकापाठोपाठ लिहून त्या स्टेशनाला पत्रानं कळवायचे. एक म्हणजे वाईट, पाच म्हणजे उत्तम. रऊफभाईंना या आकड्यांची इतकी सवय झाली होती, की ते चहालाही आकडे देत. मंत्र्याचं भाषण ऐकून आले की म्हणत, "जोर पाच, बाकी सारं एक." एका लग्नात वधूपित्यानं हात जोडून विचारलं, "भाई, जेवन कसं झालं?" अशा वेळी जगातली सगळी माणसं एकच उत्तर देतात. रऊफभाई म्हणाले, "वरन झकास. भाजीत मीठच नाई." वधूपिता कसानुसा हसला. परतीच्या वाटेवर मी त्यांना बोललो, तर मलाच उलट विचारलं, "त्यानं इचारलं काहून मंग?"

धंद्यातही तेच. बागेतला माल विकत घेताना शेतकऱ्याला फळ कसं आहे ते सांगत, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण ट्रक भरून माल बाहेरगावी पाठवला की तिकडच्या व्यापाऱ्याला स्वतःच फोन करून सांगत, "या टायमाले माल बराबर नाई, खालच्या पेट्या पाहून घ्या." त्यांचे धाकटे भाऊ याच धंद्यात पुढं गेले, त्यांची दुमजली घरं झाली. रऊफभाई होते तिथंच राहिले. भाऊबंदांच्या बैठकीत ते आले की विषय बदलायचे, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

मला त्यांनीच नादाला लावलं. अमरावतीला जाऊन मी एक रेडिओ आणला, मोठ्या हौसेनं खिडकीत ठेवला आणि काटा फिरवू लागलो. खर्रर्र, कुईई, पुन्हा खर्रर्र. मध्येच कुणीतरी चिनी माणूस भांडल्यासारखा बोलून जाई. चार दिवस मी असा काटा फिरवला आणि पाचव्या दिवशी रेडिओ आपटणारच होतो. रऊफभाई म्हणाले, "अॅन्टेना कुठं हाय? बादलीशिवाय हिरीवर गेला तू." त्या काळात कमी दाबाच्या विजेनं रोज कुणाची तरी मोटर जळायची, आणि मोटर रिवायंडिंगच्या दुकानाबाहेर जळक्या तांब्याच्या तारेची भेंडोळी पडलेली असायची. तिथून आम्ही तार आणली. गच्चीवरून समोरच्या लिंबाच्या झाडापर्यंत ताणली. टोक रेडिओला जोडलं. खर्रर्र. मी पार वैतागलो. आठवडाभर मी तार कधी उत्तर-दक्षिण, कधी पूर्व-पश्चिम फिरवली, शेजाऱ्यांचा वाळत घातलेला पापड एकदा तारेत अडकला, त्यावरून भांडण झालं. मग रऊफभाई एकदा सहज बघायला आले, त्यांनी टोक हातात घेतलं आणि कपाळाला हात लावला. मोटरच्या तारेला वरून वॉर्निश असतं. ते खरडल्याशिवाय तांबं उघडं पडत नाही आणि आवाज आत येत नाही. "लाइट ऑफिसात काय भजे तयता का तुमी?" ते म्हणाले. मी बिलं लिहितो, असं मी त्यांना पुन्हा एकदा सांगितलं.

त्यांचं दुसरं घड्याळ जगाच्या वेळेवर लावलेलं असे, आपल्याहून साडेपाच तास मागं. स्टेशनांची वेळापत्रकं त्या वेळेत येतात. मला ही वजाबाकी कधीच धड जमली नाही. कितीतरी वेळा मी चहा घेऊन, दार लावून, तयारीनं बसलो तेव्हा कार्यक्रम संपून गेलेला असे. पण एकदा एका संध्याकाळी, वीज गेलेली, आख्खं गाव अंधारात आणि लोक ओट्यांवर बसून आमच्या ऑफिसचा उद्धार करत असताना, माझ्या सेलवरच्या रेडिओतून एकदम एक बाई स्वच्छ हिंदीत बोलायला लागली. वीज गेली की सगळ्या गावाची खरखर जाते, हे तेव्हा मला कळलं. हजारो मैलांवरची बाई माझ्या खोलीत बोलत होती. मी धावत रऊफभाईंकडं गेलो. ते त्याच बाईला ऐकत बसले होते. त्यांनी हातानंच मला गप्प बसायला सांगितलं.

ती युरोपातल्या एका छोट्या थंड देशाची हिंदी सेवा होती. रोज अर्धा तास. रऊफभाईंचा जीव त्या अर्ध्या तासात होता. बापाच्या बागेची राखण करताना, मिसरूड फुटायच्या वयात त्यांनी ती पहिल्यांदा ऐकली, तेव्हापासून एक हंगाम चुकवला नव्हता. मी एकदा विचारलं, त्या देशाचं तुम्हाला एवढं काय पडलंय? तिथं ना संत्री, ना आपलं कुणी. ते म्हणाले, "बाबू, मी खरं बोललो का भाऊ रागावते, गिऱ्हाइक रागावते, तुही भाभी रागावते. थे लोक माहे आभार मानते. आवाज खराब आला असं लिहिलं का थे चिठ्ठी धाडते, का तुमच्या कयवण्यानं मदत झाली. सारं जग हिंडलो तं अशी जागा कुठी हाय?"

मला त्यांनी घालून दिलेला नियम साधा होता. आधी ऐकायचं, मग लिहायचं, आणि नाही आलं तर नाही आलं असं लिहायचं. मी विचारलं होतं, पहिलंच पत्र आहे, थोडं चांगलं लिहू का? तर म्हणाले, "तिथं इंजिनेर बसला हाय. त्याले इथलं दिसत नाई. तू त्याचा कान हायेस. कानानं खोटं सांगतलं तं माणूस बहिराच ना?"

स्टेशनं दर सहा महिन्यांनी हंगाम बदलला की काट्यावरची जागा बदलतात. अशाच एका हंगामात त्या सेवेची जागा बदलली, आणि नव्या जागेच्या अगदी लगत कुठल्या तरी बड्या देशाचं दणकट स्टेशन होतं. आमच्या बाईचा आवाज त्याखाली चेंगरून गेला. रऊफभाई दर आठवड्याला लिहीत होते, आवाज येत नाही, जागा बदला. काही फरक पडत नव्हता. एका संध्याकाळी आम्ही दोघं रेडिओला कान लावून बसलो होतो. भाभींचा फ्रिज बंद, वीजही गेलेली, तरी त्या दणकट स्टेशनाखालून एकेक शब्द वेचावा लागत होता. बाई श्रोत्यांची पत्रं वाचत होती. बऱ्याच कुरकुरीतून आमच्या कानावर शब्द आले, "अमरावती से... श्रोता संघ के अध्यक्ष... लिखते हैं कि आपका प्रसारण यहाँ... बिलकुल साफ़ सुनाई देता है." रऊफभाईंनी रेडिओ बंद केला. तो त्यांनी कार्यक्रम संपण्याआधी बंद केलेला मी पहिल्यांदाच पाहिला. "पाहा बाबू," ते म्हणाले, "मी ओरडून राहिलो का मरून राहिली बाई, अन् हे म्हणते का तब्येत झकास."

पुढच्या रविवारी आम्ही एसटीनं अमरावतीला गेलो. परदेशी स्टेशनं ऐकणाऱ्यांच्या त्या श्रोता संघाची सभा एका शाळेच्या वर्गात होती. परदेशी स्टेशनांकडून आलेली कॅलेंडरं, बिल्ले आणि पेनं वाटण्याचा कार्यक्रम चालू होता. अध्यक्ष गावंडे साहेब निवृत्त अधिकारी, बोलायला मोठे गोड. रऊफभाई सरळ फळ्यापाशी जाऊन उभे राहिले आणि त्यांनी विचारलं, "गेल्या महिन्यात थंड्या देशाची हिंदी सेवा कोनं कोनं ऐकली? हात वर करा." एकही हात वर झाला नाही. सगळे कॅलेंडरातल्या बर्फाकडं बघत बसले. शेवटी मागच्या बाकावरचा एक जण म्हणाला, "भाई, येतच नाई ना थे. आमी पत्रकात कार्यक्रमाचं नाव वाचतो अन् छान होता म्हून लिहितो."

गावंडे साहेब उठले. "रऊफभाई, थे एवढ्या दुरून आपल्यासाठी बोलते. दुसऱ्याच्या घरी जेवून मीठ कमी हाय म्हणाचं का आपन? आपली काही वऱ्हाडाची इभ्रत हाय का नाई?" रऊफभाईंनी त्यांना मिठाबद्दल काय उत्तर दिलं असेल, ते वाचकांना सांगायला नको. खूप भांडण झालं. पण मागच्या बाकावरच्या त्या माणसानं एकदा कबुली दिल्यावर बाकीच्यांनाही खरं बोलायची हुक्की आली असावी. शेवटी ठरलं, की महिनाभर सगळ्यांनी खरोखर ऐकायचं आणि जसं येईल तसंच लिहायचं. रऊफभाई परतीच्या एसटीत इतके खूश होते, की कंडक्टरनं दिलेल्या फाटक्या नोटेबद्दलही काही बोलले नाहीत. "आता जागा बदलतेत पाहा," ते म्हणत होते. "सारे एकदम म्हणतेत तं इंजिनेर हालते."

त्याच दिवसांत वसंतरावांच्या बागेचं झालं. वसंतराव त्यांचे जुने स्नेही, जुनी मोठी बाग. पाणी तळाला गेलेलं, झाडांचे शेंडे वाळू लागलेले. आलेला प्रत्येक व्यापारी त्यांना सांगत होता, एक पाऊस चांगला झाला की बाग उठून उभी राहील. रऊफभाईंनी बाग फिरून पाहिली आणि म्हणाले, "वसंतराव, हे अर्धी बाग गेली. थे तोडा, अन् हाय थे पानी उरलेल्या अर्ध्या झाडाइले द्या. नाई तं दोनी अर्धी जातीन." वसंतराव संतापले. हातानं लावलेली झाडं होती त्यांची. त्यांनी रऊफभाईंना बांधावरून बाहेर काढलं. पुढं त्यांनी अर्धी झाडं तोडली, उरलेली जगली, आणि रऊफभाईंशी बोलणं मात्र कायमचं बंद. रस्त्यात समोरून आले तरी तोंड फिरवून जात. माझा जळफळाट व्हायचा. रऊफभाई म्हणायचे, "झाडं जगली ना? बोलनं तं मी कोनाशीबी बोलतो."

संघाची खरी पत्रं गेली. हंगाम बदलायची वेळ आली, आणि एका संध्याकाळी दणकट स्टेशनाखालून शब्द वेचून आम्ही जोडलं, बाई कागदावरून वाचल्यासारखं सांगत होती, भारतातल्या आमच्या श्रोत्यांनी एकमुखानं कळवलं आहे, की आमचं प्रसारण तिकडं ऐकू येत नाही. त्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल आभार. म्हणून या महिनाअखेर शॉर्टवेव्हवरची हिंदी सेवा बंद करण्यात येत आहे. यापुढं आम्हाला इंटरनेटवर ऐका.

रऊफभाई म्हणाले, "इंटरनेट. इथं बल्प लागून नाई राहिला." गावंडे साहेबांनी मला ऑफिसात फोन करून यथेच्छ झापलं, जसं काही सेवा मीच बंद केली होती. आणि मी तो सगळा राग नेऊन रऊफभाईंवर ओतला. म्हणालो, "काय मिळवलंत? सगळ्यांनी खोटं लिहिलं असतं, तर अजून चार वर्षं चालली असती ती सेवा!"

"चालली असती," रऊफभाई म्हणाले. "ऐकली कोनं असती?"

या उत्तराचा मला तेव्हा फार राग आला. खरं तर अजूनही येतो. माणसानं इतकं बरोबर असू नये. शेवटच्या प्रसारणाच्या दिवशीही ते दणकट स्टेशन मेहेरबान झालं नाही. बाईनं निरोप घेतला असेल, आम्हाला तो ऐकू आला नाही. रऊफभाईंनी तरी त्या दिवसाचं पत्र लिहिलं, आवाज येत नाही, आणि डाकपेटीत टाकून आले. नंतर कित्येक दिवस त्या वेळेला ते रेडिओ लावून बसत. कुठलं तरी दुसरं स्टेशन ऐकत, पण मन लागत नसे. फ्रिज बंद करायचीही आता त्यांना आठवण राहत नसे. भाभीच आपणहून उठून बंद करत.

माझी अकोल्याला बदली झाली. तिथं लाइट जात नसे, म्हणून खरखर बारा महिने. माझा रेडिओ कपाटावर गेला. रऊफभाईंशी फोनवर बोलणं व्हायचं, दिवाळीला भेट व्हायची. मग एकदा कळलं, की त्यांना अमरावतीच्या दवाखान्यात ठेवलं आहे. मी सुट्टी टाकून गेलो. त्यांचा मोठा मुलगा इरफान याचं अमरावतीत टायरचं दुकान आहे. त्यानं मला व्हरांड्यातच अडवलं. "भाईसाब, डॉक्टरने ना बोल दिया है. लेकिन अब्बू को कुछ नही मालूम. आप बस इतना बोलना, अच्छे दिख रहे. हम सब वोही बोल रहे."

खोलीत पाहुणे होते. नातेवाईक, संत्र्याचे दलाल, चक्क गावंडे साहेबसुद्धा. "रऊफभाई, चेहऱ्यावर तेज आलं हो!" ते म्हणत होते. बाकीचे माना डोलवत होते. रऊफभाई छताकडं बघत पडले होते. हाडं वर आली होती, डोळे पिवळे झाले होते. पाहुणे उठून गेल्यावर त्यांनी मला जवळ बोलावलं. इरफान दारात उभा होता.

"बाबू," ते म्हणाले, आवाज अगदी खोल गेलेला, "मी इचारतो तं सारे हासून राहिले. डॉक्टर बी हासते. पोरगं बी हासते. तुही भाभी तं तोंड धुवाले जाते म्हून घडी घडी बाहेर जाते. तू सांग. कसा हाव मी?"

इरफान दारातून मान हलवत होता, नको, नको. मी पंख्याकडं पाहिलं, खिडकीकडं पाहिलं. खोटं माझ्या जिभेवर तयार होतं आणि ते काही वाईट खोटं नव्हतं. माया करणारी माणसंच तसं बोलतात. पण समोर रऊफभाई होते आणि त्यांनी विचारलं होतं.

"चांगले नाही आहात, रऊफभाई," मी म्हणालो. "दिवाळीला पाहिलं, त्यापेक्षा खूप खराब. डॉक्टर म्हणतात, आता हातात फारसं काही राहिलेलं नाही."

इरफान तोंड झाकून बाहेर गेला. रऊफभाईंनी डोळे मिटले. मला वाटलं, मी यांना मारलं. मग त्यांनी माझा हात चाचपला.

"शुकर हाय," ते म्हणाले. "मले वाटलं, माहा आवाज कोनाले येऊनच नाई राहिला." मग त्यांनी गाडी सांगायला लावली. त्यांना घरी जायचं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांना शेंदूरजनाघाटला नेलं. काही दिवसांनी ते तिथंच गेले, स्वतःच्या घरात. मातीला मी गेलो होतो. इरफान माझ्याशी बोलला नाही, आणि आजही बोलत नाही. त्याचं काही चुकतं असं मला वाटत नाही. रऊफभाईंवर मात्र मी मनातल्या मनात अजून चिडतो. असलं काम सांगायला त्यांना माझ्याशिवाय कुणी मिळालं नाही का?

निघताना झुबेदाभाभींनी मला आतल्या दारापाशी बोलावलं. पडद्याआडूनच म्हणाल्या, "बाबूभाई, तुमने बोल दिया, अच्छा किया. तब तक हम लोगां उनके सामने रो भी नही सकते थे."